आईकडून आलेला हस्तिदंती मेंढपाळ

वसईच्या एका वाचकाला आईमागे घरातला हस्तिदंती ‘उत्तम मेंढपाळ’, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातल्या बाळ येशूची मूर्ती, मिळाला, त्याला दोन वर्षं झाली. मुंबईतला व्यापारी विकत मागतो, टोरांटोची बहीण ‘माझ्याकडे पाठव’ म्हणते. हस्तिदंत आफ्रिकेचा, मूर्ती तीनशे वर्षांची. मग कायद्याची अडचण कसली, असं ते विचारतात.

अडचण आहे. ‘बाहेरचा’ आणि ‘जुना’ हे दोन शब्द मला अशा प्रत्येक पत्रात भेटतात. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आयात हस्तिदंताच्या वस्तूही व्याख्येत घेतल्या आहेत, आणि वय झालं म्हणून वस्तू सुटत नाही.

सगळं अडलंय ते कलम ४०(२ब)वर. वारशाने अशी वस्तू आली की ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावं लागतं. आईच्या घराची घरपट्टी तुम्ही दोन महिन्यांत नावावर करून घेतलीत, पण घरातल्या सर्वांत मौल्यवान वस्तूबद्दल एक अर्ज केला नाहीत. याचा मला खरंच राग येतो, कारण तेव्हा काम सोपं होतं. दिवस मृत्यूपासून मोजायचे की वाटणीपासून, यावर वाद घालता येईल. त्यावर विसंबू नका.

आधी आईचे कागद पाहा. २००३मध्ये अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुभा होती. त्या घोषणेची पोच सापडली तर तुमची बाजू पुष्कळ भक्कम होईल. नाही सापडली तरी उशिराचं कारण लिहून याच आठवड्यात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या नागपूरच्या कार्यालयात अर्ज करा. तो स्वीकारला जाईलच अशी हमी नाही, पण धाड पडल्यानंतरच्या खुलाशाला फारसं वजन उरत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची होऊ शकते. अर्जाचा मसुदा मात्र आधी वकिलाला दाखवा.

व्यापाऱ्याला नकार कळवा. मालकी प्रमाणपत्र असतं तरी कलम ४३मुळे विक्री करता आली नसती. टोरांटोचं तर बोलूच नका: शंभर वर्षांवरची मूर्ती पुरावशेष ठरते, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तिदंती शिल्पाची पुरातत्त्व खात्याकडे नोंदणीही लागते. तीही राहिलेलीच दिसते.

मूर्ती घरातल्या आल्तारावर, म्हणजे देवघरातच राहू द्या. घासू नका, लपवू नका. लग्नाच्या, बाप्तिस्म्याच्या जुन्या फोटोंत ती मागे दिसत असेल तर ते मूळ फोटो अर्जाबरोबर दाखवायला काढून ठेवा. नवे फोटो चारही बाजूंनी घ्या: गालाला हात लावून झोपलेला बाळ येशू, खांद्यावरचं कोकरू, आणि तळाच्या गुहेत पहुडलेली मरिया मग्दालेना, जी घाईत नेहमी फोटोबाहेर राहते.