ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन टीनएज कॉमेड्या: खरंच काही अर्थ, की नुसता टाइमपास?

तुम्ही विचारलंय की ‘द ब्रेकफास्ट क्लब’, ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ अशा ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकन शाळकरी कॉमेड्यांमध्ये खरंच काही खोल आहे, की ते नुसते टाइमपास आहेत आणि लोक उगाच त्यात तत्त्वज्ञान घुसडतात?

घुसडतात, हे आधी कबूल करतो. इंटरनेटवरची सगळ्यात लाडकी थिअरी अशी की शाळा बुडवून दिवसभर शिकागोत भटकणारा फेरिस नावाचा मुलगा मुळात नाहीच, अंथरुणात कण्हत पडलेल्या त्याच्या मित्राने, कॅमरॉनने, तो मनात रचलाय. ऐकायला भारी वाटतं. पण मग शाळेचा डीन रूनी दिवसभर कुत्र्याच्या तावडीत सापडत नक्की कुणाच्या मागावर असतो? फेरिसची बहीण पोलीस ठाण्यात बसून कुणाच्या नावाने बोटं मोडते? असले गुप्त अर्थ शोधायची खोड लागली की समोरचं दिसेनासं होतं. या सिनेमांतला चांगला माल ओसरीवरच मांडलेला आहे, माळा उपसायची गरज नाही.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो, बारा वर्षं झाली. हे सिनेमे पहिल्यांदा पाहिले ते पुण्याला हॉस्टेलवर, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, केबलवर. अर्धे संवाद डोक्यावरून जायचे आणि सगळ्यांचं लक्ष ‘फेरिस’मधल्या त्या लाल फेरारीकडे. इथे आल्यावर कळलं की दिग्दर्शक जॉन ह्यूज यांचा हा घरचाच मुलूख. त्यांचं कुमारवय नॉर्थब्रूकमध्ये गेलं. नॉर्थब्रूकचं जुनं नाव शर्मरव्हिल, म्हणून त्यांच्या सिनेमांतलं काल्पनिक गाव शर्मर. शर्मर रोडवरून मी आजही डेंटिस्टकडे जातो. तर गेल्या हिवाळ्यात, बाहेर उणे अठरा असताना, पंधरा वर्षांच्या लेकीबरोबर हे सगळे पुन्हा पाहिले. ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्ये पाच मुलांना शिक्षा म्हणून शनिवारी सकाळी सातपासून शाळेच्या लायब्ररीत बसवतात, हे ऐकून ती म्हणाली, “ही शिक्षा आहे? मला तर दर रविवारी मराठी शाळेत मिळते.”

आता मुद्द्याचं. त्या सिनेमात दुपारी डबे उघडायचा एक प्रसंग आहे. क्लेअर ही श्रीमंत घरची पोरगी सुशी काढते, तीही साग्रसंगीत, लाकडी पाटासकट. १९८४-८५ साली अमेरिकन शाळेत डब्यात कच्चा मासा म्हणजे काय, ते तिच्याकडे बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. अँड्र्यू कुस्तीगीर, त्याच्या पिशवीतून सँडविचेस, चिप्स, केळं, दूध असं एकामागून एक निघतच राहतं. ब्रायन हुशार मुलगा. त्याच्या आईने सूप दिलंय आणि सँडविचच्या कडा कापून दिल्यात. ॲलिसन सँडविचमधलं मांस वर भिरकावते आणि पावात साखरेची पूड आणि नाश्त्याचं सीरियल भरून कराकरा चावते. आणि बेंडर, वर्गातला मवाली, त्याच्याकडे डबाच नाही.

कोणी कुणाच्या घराबद्दल अजून एक शब्द बोललेलं नाही, तरी पाचही घरं आपण बघून आलेलो असतो. डब्यावरून घर ओळखायची कला आपल्याला कुणी शिकवायला नको. शाळेत कुणाच्या डब्यात साजूक तुपातला शिरा आणि कुणाच्या डब्यात कालची पोळी चुरून, हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि न बघितल्यासारखं केलंय.

हा प्रसंग पूर्ण विनोदी आहे, लेक खळखळून हसत होती. मग बेंडर ब्रायनच्या घराची नक्कल करतो, गोड गोड आईबाप, तेही विनोदीच. अँड्र्यू विचारतो, तुझ्या घरचं काय? बेंडर तीही नक्कल करून दाखवतो, त्याच आवाजात, त्याच तालात, फक्त यात बापाच्या तोंडी शिव्या आणि शेवटी गुद्दा. अँड्र्यूला खरं वाटत नाही. तेव्हा तो बाही वर करून सिगारने दिलेला चटका दाखवतो. गॅरेजमध्ये रंग सांडला म्हणून बापाने दिलेला. हसू कुठल्या क्षणी थांबलं ते आपल्याला सांगता येत नाही. डब्याचा विनोद आणि चटका ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आता यातला टाइमपास कुठला आणि खोल अर्थ कुठला, हे चाळणी लावून वेगळं करून दाखवा. मला तरी जमलेलं नाही.

पुढे ब्रायनची हकिकत येते. त्याला शॉप विषयात, म्हणजे सुतारकाम-वायरिंगच्या तासाला, नापास केलंय, कारण त्याने बनवलेला हत्तीचा दिवा सोंड ओढली तरी लागला नाही. घरी काय सांगणार? म्हणून जीव द्यायच्या विचाराने त्याने लॉकरमध्ये फ्लेअर गन, म्हणजे संकटात इशाऱ्याचा जाळ उडवायची बंदूक, आणून ठेवली, आणि ती लॉकरमध्येच उडाली. ही कबुली ऐकून आधी सुन्न शांतता आणि मग सगळे फुटतात, हसून हसून. हॉस्टेलवर आम्हीही हसलो होतो. हसता हसता आमच्यातला एक जण उठून बाहेर गेला. त्याचे इंजिनिअरिंगचे दोन विषय राहिले होते. तेव्हा मला त्याचा संबंध लागला नव्हता.

लेक मात्र हसली नाही. ती म्हणाली, “बाबा, आज हा मुलगा शनिवारी लायब्ररीत नसता बसला.” बरोबरच आहे. तिच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल, म्हणजे कुणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याची तालीम असते, दिवे घालवून भिंतीला चिकटून गप्प बसायचं. १९९४ च्या कायद्यानंतर इथे शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान वर्षभर बाहेर काढतात. १९८५ मध्ये लेखकाला हा प्रसंग एका कोवळ्या मुलाच्या निराशेचा वाटला, आज पंधरा वर्षांच्या मुलीला त्यात आधी दुसरंच काही दिसतं. हा अर्थ ह्यूज यांनी घातलेला नाही. पण म्हणून तो नाही असंही म्हणवत नाही.

‘फेरिस ब्यूलर’ (१९८६) बद्दल माझं मत थोडं तिरकं आहे. फेरिस मला आता फारसा आवडत नाही. आईबापांचा लाडका, खोटं बोलून पचवणारा, सकाळी जसा होता तसाच संध्याकाळी. बदलतो तो कॅमरॉन. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये फेरिस मैत्रिणीशी लाडीगोडी करत असताना कॅमरॉन जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराच्या त्या अवाढव्य ठिपक्याठिपक्यांच्या चित्रासमोर उभा राहतो, ‘ला ग्रांद जात’ बेटावरचा रविवार. चित्राच्या मध्ये आईचा हात धरलेली पांढऱ्या फ्रॉकमधली लहान मुलगी आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या जवळ जातो, मग कॅमरॉनच्या, मग परत तिच्या, इतका जवळ की चेहरा नाहीसा होऊन नुसते ठिपके आणि कॅनव्हासचे धागे उरतात. जवळून पाहिलं तर आपल्यात काहीच सापडणार नाही अशी त्याला भीती आहे, असं ह्यूज यांनी स्वतःच सांगितलंय. एक शब्द संवाद नाही. हे चित्र तिथे अजून टांगलेलं आहे. पाहुणे आले की आम्ही नेतो, आणि दर वेळी कुणीतरी कॅमरॉनसारखं उभं राहून फोटो काढून घेत असतं.

मग फेरारी. बापाचा जीव मुलापेक्षा गाडीत. दिवसभर फिरवल्यावर मीटरवरचे मैल कमी करायला पोरं गाडी जॅकवर चढवून रिव्हर्समध्ये चाकं फिरवतात, आणि मीटर काही उलटं फिरत नाही. हा गॅग आहे, शंभर टक्के गॅग. पण गेलेला दिवस परत घालवता येत नाही हे कळल्यावरच कॅमरॉन गाडीला लाथा घालायला लागतो, गाडी जॅकवरून सुटते आणि काच फोडून मागच्या दरीत जाते. (शूटिंगला नक्कल वापरली होती. जीव हळहळणाऱ्यांसाठी सांगतोय.) फेरिस म्हणतो, दोष मी माझ्या अंगावर घेतो. कॅमरॉन म्हणतो, नको, बाबांशी मीच बोलतो. तो बाप सिनेमाभर एकदाही दिसत नाही. ते बोलणं कसं झालं तेही नाही. हायलँड पार्कमधलं ते काचेचं घर अजून उभं आहे. गाडी फुटते ते दालन मालकाने खरोखरच गाड्या ठेवायला बांधून घेतलेलं होतं.

आणि हो, त्यातल्या अर्थशास्त्राच्या रटाळ मास्तरचं काम करणारे बेन स्टाइन हे मुळात निक्सन यांचे भाषणलेखक. ते १९३० च्या आयातशुल्क कायद्यावर एकसुरी बोलत असतात आणि पोरांची लाळ गळत असते. हल्ली टॅरिफचा विषय तापला तेव्हा हीच क्लिप सगळीकडे फिरत होती. तेव्हा झोपलेली पोरं आता साठीला आली असतील.

सगळ्याच सिनेमांची मी अशी वकिली करणार नाही. ‘वीअर्ड सायन्स’मध्ये दोन पोरं डोक्यावर ब्रा घालून कॉम्प्युटरवर बाई तयार करतात. यात ज्यांना अर्थ सापडला त्यांना माझा साष्टांग नमस्कार. ‘सिक्स्टीन कँडल्स’ (१९८४) तर लेकीने मध्येच बंद करायला लावला. अख्ख्या सिनेमात एकच आशियाई पोरगा, आणि तो आला की गाँग वाजते. शिवाय दारूने बेशुद्ध झालेल्या मुलीला तिचा मित्र गाडीत घालून दुसऱ्याच पोराच्या हवाली करतो, तेही विनोद म्हणून. ‘सिक्स्टीन कँडल्स’ आणि ‘ब्रेकफास्ट क्लब’ या दोन्हींची नायिका मॉली रिंगवाल्ड यांनी स्वतः २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये यावर लिहिलं, आपल्या मुलीबरोबर ‘ब्रेकफास्ट क्लब’ पाहिल्यानंतर. त्यात त्या सिनेमाला झोडपतही नाहीत आणि पाठीशीही घालत नाहीत, म्हणून तो लेख मला जास्त पटला. ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्येही शेवटी ॲलिसनला नटवून-थटवून ‘चांगली’ करतात, ते मला तेव्हाही खटकलं होतं. ती आधीच जास्त चांगली दिसत होती.

ह्यूज यांच्या बाहेरचा एकच सांगतो, ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ (१९८२), एमी हेकरलिंग यांचा. पटकथाकार कॅमरन क्रो सॅन डिएगोच्या एका हायस्कूलमध्ये विद्यार्थी असल्याचं भासवून वर्षभर बसले होते, त्यातून आधी पुस्तक आलं आणि मग हा सिनेमा. लोकांना त्यातला नशेत वर्गात पिझ्झा मागवणारा पोरगा आठवतो. त्याच सिनेमात पंधरा वर्षांची मुलगी गर्भपाताला एकटी जाते, कारण ज्याने पोचवायचं होतं तो येतच नाही. मोठा भाऊ तिला गाडीतून सोडतो, तिने दुसरंच ठिकाण सांगितलेलं असतं. पण तो ओळखतो, बाहेर थांबून राहतो, आईबाबांना सांगणार नाही म्हणतो आणि भूक लागलीय का विचारतो. रडणं नाही, भाषण नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतल्यापासून या विषयावर जो गदारोळ चाललाय, तो ऐकून हा प्रसंग पुन्हा बघा.

तर मित्रा, तुमच्या प्रश्नातली ती ‘की’ मला काही झेपत नाही. एक शेवटची गोष्ट सांगतो, लेकीमुळे कळलेली. ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्ये कार्ल नावाचा सफाई कामगार आहे. झाडू घेऊन येतो, बेंडर त्याला कुत्सितपणे विचारतो, हे काम करायला काय शिकावं लागतं? मुलं हसतात. लेकीने सिनेमा थांबवला आणि पार सुरुवातीला नेला, रिकाम्या शाळेची दृश्यं एकामागून एक दिसतात तिथे. भिंतीवर जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, त्या त्या वर्षीचा ‘मॅन ऑफ द इयर’. त्यातला एक फोटो कार्लचा आहे. मी हा सिनेमा निदान सहा वेळा पाहिला असेन.