अमेरिकेतील ग्रामीण काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) घरभाडे शहरांपेक्षा कमी असूनही ते परवडत नाही, असे का म्हणतात?

भाडे परवडते की नाही, हे रकमेवरून नव्हे तर उत्पन्नाशी असलेल्या प्रमाणावरून ठरते. वीज-पाण्यासह घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असावा, असा अमेरिकेतील संकेत आहे. तेथील संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरच आहे, म्हणजे आठवड्याला ४० तास वर्षभर राबणाऱ्यास कर कापण्यापूर्वी १५,०८० डॉलर मिळतात आणि त्या हिशेबाने महिन्याला जेमतेम ३७७ डॉलर भाडे झेपते. एवढ्यात चार माणसांचे बऱ्यापैकी घर खेड्यातही मिळणे कठीणच.

वायोमिंग राज्यातील टीटन काउंटी हे तर टोकाचे (आणि म्हणूनच बोलके) उदाहरण आहे. तेथील सुमारे ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्याने व वने यांसारख्या सरकारी मालकीची असल्याने बांधकामाला जागा थोडी, आणि त्या थोड्या जागेवरही धनिकांच्या सुट्टीतील घरांचा डोळा असतो. परिणामी तेथील जॅक्सन गावातील हॉटेलांत चादरी बदलणारे, भांडी घासणारे अनेक जण घाट ओलांडून शेजारच्या आयडाहो राज्यातून ये-जा करतात. जून २०२४ मध्ये टीटन खिंडीतील रस्ता खचला, तेव्हा त्यांना कामावर पोहोचण्यासाठी लांबचा वळसा घालावा लागला.