‘फाइन’ म्हणजे छान की बारीक?

प्रश्न असा आला आहे : ‘फाइन’ म्हणजे छान, हे शाळेपासून पाठ आहे. मग ‘फाइन लाइन’ म्हटलं की रेषा बारीक का होते? आणि नियम मोडल्यावर भरायचा ‘फाइन’ याच शब्दाचा कुणी लागतो का?

लागतो. तिन्ही एकाच घरचे. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. ‘फायनल’ आणि ‘फिनिश’ त्यातूनच आले. त्याच मुळातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फिन’ हे विशेषण झालं : पूर्णत्वाला नेलेलं, ज्यावर आणखी काही करायचं उरलेलं नाही असं. सोन्यातलं हीण काढत काढत शेवटी निखळ सोनं उरतं, ते ‘फाइन गोल्ड’. सोन्याचा कस आजही ‘फाइननेस’मध्येच सांगतात, हजारात 916 भाग सोनं असलं की ते 22 कॅरेट. पूर्णत्वाला गेलेली वस्तू उत्तम असते, म्हणून एक अर्थ ‘उत्तम’. आणि कसबी हातांचं काम नाजूक, सफाईदार असतं, म्हणून त्याच शब्दाला नाजूक, तलम, बारीक हे अर्थ चिकटले.

दंडाचा ‘फाइन’ हे नाम. तिथेही शेवटच आहे, पण तंट्याचा : प्रकरण मिटवायला द्यायची रक्कम. इंग्लंडमध्ये जमिनीच्या व्यवहारात कोर्टापुढे होणाऱ्या अंतिम समझोत्यालाही ‘फाइन’च म्हणत. 1195 पासून अशा समझोत्याच्या तीन प्रती एकाच चर्मपत्रावर लिहून, नागमोडी कापून वेगळ्या करत. दोन प्रती दोन्ही पक्षांना, तळातली कोर्टाकडे. ही पद्धत 1833 पर्यंत टिकली.

मराठीत आणताना मात्र एक प्रतिशब्द धरून बसू नये, पुढचं नाम बघावं. कापड असेल तर तलम, वाळू असेल तर बारीक, फरक असेल तर सूक्ष्म, कला असेल तर ललित, पावसाळी दिवसांनंतरची हवा असेल तर उघडीप. ‘धाडस आणि अविचार यांत फाइन लाइन असते’ याचं मराठी ‘पुसटशी सीमारेषा’ असं व्हावं. तिथे ‘उत्तम रेषा’ लिहिली तर वाक्याचा अर्थच जातो. क्रिकेटमधल्या ‘फाइन लेग’लाही छानपणाशी देणंघेणं नाही. यष्ट्यांच्या सरळ रेषेत मागे पाहिलं, तर त्या रेषेशी क्षेत्ररक्षकाचा कोन जितका लहान, तितका तो ‘फाइन’. कोन मोठा होत काटकोनाकडे गेला की तो ‘स्क्वेअर’.

खरी गफलत होते ती शब्दाच्या जागेमुळे, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ‘शी इज अ फाइन रायटर’ ही मनापासूनची दाद आहे : ती फार चांगली लिहिते. पण ‘द रायटिंग इज फाइन’ म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. नामाआधी आला की शब्दाला वजन असतं. क्रियापदानंतर आला की बहुतेक वेळा तो नुसत्या पसंतीवर येतो. वरिष्ठांनी ‘युअर ड्राफ्ट इज फाइन’ असं कळवलं तर त्यात हरकत नाही एवढंच समजावं, कौतुक शोधू नये. हा भेद पाठ्यपुस्तकांनी मुलांना उदाहरणं देऊन शिकवायला हवा. नुसतं ‘फाइन म्हणजे छान’ सांगून मुलं अर्ध्या वाटेवरच राहतात.

‘आय ॲम फाइन’चंही तसंच. ‘कसे आहात?’ला ते उत्तर असेल तर ‘मी बरा आहे’, पडल्यावर कुणी धावत आलं असेल तर ‘लागलं नाही’, आणि ‘आणखी कॉफी घेणार?’ला असेल तर चक्क ‘नको’. या तिसऱ्या अर्थाने अनेकजण फसतात. ‘फाइन’ ऐकून होकार समजतात आणि कप भरतात. आणि वाद चालू असताना समोरचा नुसतं ‘फाइन’ म्हणून गप्प झाला, तर तो बहुधा ‘बरं, कर तुला काय करायचं ते’ असं म्हणतोय. त्याला पटलंय असं धरून पुढे जाऊ नये.