बॅगेतल्या त्या चिठ्ठ्या

“ताई, आधी यादी दाखवू का?” खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिने विचारलं. फोनमध्ये 112 ओळींची यादी होती. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन तिला एकटीला मुंबईहून फ्रँकफुर्टला जायचं होतं. नवरा चार महिन्यांपूर्वीच नोकरीसाठी तिकडे गेलेला. ती कोथरूडला सासू-सासऱ्यांकडे, आणि विमान तीन आठवड्यांवर आलेलं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती बॅग भरत होती, उपसत होती, पुन्हा भरत होती. झोप उडाली, मुलावर आवाज चढायला लागला, तेव्हा ती समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. (हे सगळं तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

“मुलाला विमानातून नेताना काय काय घेऊ?” हा प्रश्न परदेशी निघालेल्या कितीतरी आया मला विचारतात. मी तो कधी क्षुल्लक मानत नाही. नऊ तासांच्या प्रवासात कपड्यांचा एक जोड कमी पडला, तर त्याचे हाल आईच्याच वाट्याला येतात. म्हणून आम्ही यादी खरोखरच वाचायला घेतली. मुलाचे कपड्यांचे दोन जोड, आणि एक कुर्ता तिचा स्वतःचा. तो बहुतेक जणी विसरतात, आणि मूल उलटी करतं ते आईच्याच अंगावर. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, कारण सामानात टाकलेली चालत नाही. वडिलांचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला वरच्या कप्प्यात, मागितला तर पटकन काढता यावा असा. खायला सासूबाईंच्या दशम्या. त्या मऊ राहतात आणि हात चिकट होत नाहीत. इथवर सगळं शहाणपणाचं होतं.

मग 87वी ओळ आली : ‘चिठ्ठ्या + इअरप्लग, 30 पाकिटं.’

तिने पर्समधून एक पाकीट काढून दाखवलं. छोट्या झिपच्या पिशवीत दोन नारिंगी इअरप्लग, एक चॉकलेट आणि सुवाच्य अक्षरातली इंग्रजी चिठ्ठी. मराठीत सांगायचं तर : ‘मी तीन वर्षांचा आहे. मी पहिल्यांदाच विमानात बसतोय. मी रडलो तर मला माफ करा.’ आजूबाजूच्या प्रवाशांना वाटायला अशी 30 पाकिटं. इंटरनेटवर कुणीतरी केलेलं तिने पाहिलं होतं.

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि विचारलं, “ही माफी कोण मागतंय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग मागच्या दिवाळीतली गोष्ट निघाली. रेल्वेत मूल रडत होतं, थांबेना. समोरचे गृहस्थ सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “सांभाळता येत नाही तर बाहेर कशाला काढायचं?” तिने पुढचा सगळा प्रवास त्याला कडेवर घेऊन दाराजवळ उभं राहून काढला. घरी कुणाला बोलली नाही. सांगताना तिचे डोळे भरून आले.

मला जे सांगायचं आहे ते हेच. त्या 112 ओळींतल्या निम्म्या वस्तू मुलासाठी नव्हत्याच. त्या होत्या त्या गृहस्थांसाठी, जे या विमानात नसणारच होते. सहप्रवाशांची काळजी घेणं चांगलंच. पण जे घडलेलंच नाही त्याची माफी तीन वर्षांच्या पोराच्या तोंडून मागणं मला पटत नाही. पहिल्यांदा विमानात बसणं हा काही गुन्हा नाही.

तिला मी दोन कामं दिली. पहिलं सोपं : आठवडाभर तो रडला की घड्याळ लावायचं. “तासन्‌तास रडतो,” असं ती म्हणत होती. पुढच्या खेपेला आकडा घेऊन आली. सगळ्यात लांब रडणं 14 मिनिटांचं. आकडा सांगतानाच तिचा आवाज खाली आला होता.

दुसरं काम दुपट्याचं. आजीच्या जुन्या लुगड्याचं, कडा विरलेलं, डागाळलेलं दुपटं हातात असल्याशिवाय तो झोपत नसे. ते तिने यादीतून काढलं होतं. “कसं दिसतं ते ताई! वास पण येतो.” त्याऐवजी नवी कोरी उशी घेतलेली. मी म्हटलं, उशी राहू दे, दुपटं घे. आणि कृपा करून धुऊ नकोस. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. अशा वस्तूंचं महत्त्व त्यांनी 1951 मध्येच मांडलं. आई आणि बाहेरचं जग यांच्यामधला तो पूल असतो. त्याचा वास बदलला की मुलासाठी ती वस्तूच बदलते.

पण सुरक्षा तपासणीत दुपटं मशीनमध्ये जाणार, तेव्हा काय? म्हणून घरीच तालीम केली. डायनिंगच्या खुर्च्या एकामागे एक, ओढणीचा पट्टा, आणि टीपॉय म्हणजे तपासणीचं मशीन. दुपटं एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिल्या दिवशी त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. चौथ्या दिवशी स्वतःच दुपटं आत सरकवून पलीकडे धावत गेला. आजोबा पायलट झाले होते. ही तालीम निघायच्या चार-पाच दिवस आधी करावी, महिनाभर आधी नाही. इतक्या लहान मुलांना ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय ते कळत नाही, नुसतीच हुरहुर लागते.

झोपेसाठी सर्दीचं औषध द्यावं का, असंही तिने विचारलं. कुणीतरी तसं सुचवलं होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. अशा औषधाने काही मुलं उलट जास्त चिडतात. औषधाचं फक्त बालरोगतज्ज्ञांना विचारायचं. कानाचं मात्र समजून घ्यायला हवं. विमान उतरायला लागतं तसा आतला हवेचा दाब वाढतो. लहान मुलांची कानातून घशाकडे जाणारी नळी अरुंद असते, त्यामुळे दाब पटकन सारखा होत नाही आणि कान दुखतो. गिळलं की ती नळी उघडते. म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधी त्याला जागं करून स्ट्रॉने घोट-घोट पाणी पाजायचं. सर्दी असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवायचं.

पाकिटांचं काय करायचं ते मी तिच्यावर सोडलं. इअरप्लग तिने स्वतःसाठी ठेवले, चॉकलेटं सोसायटीतल्या पोरांना वाटली.

पोहोचल्यावर तिचा मोठा मेसेज आला. तो रडला. उतरताना रडला, आणि चांगला वीस मिनिटं रडला. पाणीही प्यायला नाही. तिने दुपटं त्याच्या गालाशी धरलं आणि पाठीवर थोपटत राहिली. ‘ताई, शेजारी कोण होतं, कसं बघत होतं, मला खरंच सांगता येणार नाही. मी त्याच्याकडेच बघत होते.’

खाली फोटो होता. सामानाच्या ट्रॉलीवर सगळ्यात वर तो बसलेला, मांडीत दुपटं. महिना झाला, अजून धुतलेलं नाही म्हणते.