आधी ऐक, मग दाखव

प्रिय,

तुझ्या एआर अ‍ॅपचा, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून समोरच्या जागेवर चित्र उभं करणाऱ्या अ‍ॅपचा, डेमो दोनदा पाहिला. नागपूरच्या महाल भागात गोंड राजाच्या किल्ल्यासमोर फोन धरला की गोंड राजा बख्त बुलंद शाह गल्लीत उभा राहतो. छान जमलंय. पण खाली तू विचारतेस, पगडी मराठी वाटते का, दागिने कमी करू का. काहून गं? पगडी बदलून काय होणार? निवेदन तुझ्या मैत्रिणीचं, मजकूर इंटरनेटवरून उचललेला. ज्यांचा हा राजा, त्यांच्यातलं कुणीच त्यात बोलत नाही.

आधी ऐक, मग दाखव. गोंडांच्या वंशकथा आणि देवांच्या कथा परधानांनी, म्हणजे त्यांच्या परंपरागत गायकांनी, बाना हे तंतुवाद्य वाजवत, गाऊन जपल्या. कानानं चालत आलेली ही परंपरा, आणि तू सगळे पैसे डोळ्यांवर लावून बसलीस.

तंत्राच्या अंगानंही मी हेच म्हणेन. महालातल्या अरुंद गल्ल्यांत जीपीएस काही मीटर सरकतं, मग तुझा राजा शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन उभा राहतो. मे महिन्यात भर दुपारी स्क्रीनवर काही दिसत नाही आणि फोन तापून कॅमेरा बंद पडतो. बऱ्याच स्वस्त फोनवर तर एआरकोअर, म्हणजे असं चित्र उभं करणारी गुगलची प्रणाली, चालतच नाही, आणि आश्रमशाळेतल्या पोरांकडे तेच फोन असतात. आवाज मात्र कुठल्याही फोनवर चालतो, आधी उतरवून ठेवला तर नेटही लागत नाही. जागेवर पोचलं की आवाज सुरू व्हावा, चित्र ज्याला हवं त्यानं उघडावं.

तुझी खरी अडचण मला कळली आहे, तू ती पगडीआड लपवलीस. बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारात मुसलमान झाला, ते नावही तिथलंच. पुढे तो त्याच बादशहाविरुद्ध उभा राहिला आणि १७०२ च्या सुमारास त्यानं नागपूर वसवलं. हे कसं सांगायचं याची तुला भीती वाटते. मग तू सांगूच नकोस! त्याच जागी दोन माणसांचं वेगवेगळं सांगणं ठेव. त्यांचं एकमेकांशी पटलं नाही तरी चालेल. तू मध्ये पडून निकाल देऊ नकोस.

जुम्मा तलावावर, म्हणजे आपल्या गांधीसागरवर, चांद सुलतान या गोंड राजाच्या काळातलं पाणी दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. तिथं हौस कर. पण झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावर मॉडेल अजिबात नको. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून तू रोज गाडी नेतेस, त्याला त्याच शहिदांचं नाव आहे. तिथं गेलेल्यांच्या घरच्यांना बोलू दे, तेही त्यांची इच्छा असेल तरच. गोंडांच्या देवघरातले पेन, म्हणजे त्यांचे देव, आणि पूजेच्या वस्तू यांचं थ्रीडी स्कॅनिंगही विचारल्याशिवाय नाही. आणि 'नको' म्हणाले तर पुन्हा गोड बोलून विचारायला जायचं नाही.

मी हट्टी आहे असं तुला कुणीतरी सांगितलंच असेल. एका प्रदर्शनाच्या कामात पैसे देणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचा खर्च कापला आणि तो नाचणाऱ्या पुतळ्यांवर लावला. मी काम सोडलं. ज्या म्हाताऱ्या परधानाकडे आम्ही बसणार होतो, तो त्यानंतर फार दिवस राहिला नाही. लोक म्हणतात, थांबला असतास तर निदान काहीतरी झालं असतं. पुतळे झाले असते. ते आताही झालेच आहेत, पिसं लावून. मी थांबून त्यांच्या मुकुटाची पिसं मोजत बसायचं होतं का? रागावून लिहितोय खरा, पण माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तो म्हातारा मात्र आठवतो.

गोंडी लिपीचंही तेच. मसराम गोंडी ही लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतात, आली, फॉन्टही आहे. तू ती बटणांवर नक्षीसारखी टाकलीस. वाचणाऱ्या माणसाला आधी दाखवलीस का? अक्षरं उलटसुलट असली तर ते हसतील, किंवा गप्प बसतील. गप्प बसणं जास्त वाईट.

आता कामाचं. मॉडेलचा खर्च निम्मा कर. उरलेल्या पैशात चांगला माइक घे आणि सांगणाऱ्यांना मानधन दे, फुकट बोलावू नकोस. सांगणाऱ्यानं उद्या 'माझा आवाज काढून टाक' म्हटलं तर तो अ‍ॅपमधून कसा निघेल, आणि मूळ फाइल्स कुणाकडे राहतील, हे कागदावर लिहून आण. ते वाचल्यावर आपण पगडीबद्दल बोलू.

तुझा,
काका