सगळ्याच प्राण्यांचे शुक्राणू पुस्तकातल्यासारखे, म्हणजे डोकं आणि शेपटी, असेच असतात का? काम एकच असेल तर आकार वेगळे कशाला?

नाही, तसे नसतात. उलट, प्राण्यांच्या शरीरातल्या पेशींमध्ये आकाराचं सगळ्यात जास्त वैविध्य शुक्राणूंतच आहे. काम एकच, हे खरं. पण ते काम कुठे करायचं आणि किती प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून करायचं, हे प्राण्यागणिक बदलतं. मी हा विषय शिकवते. शुक्राणूचा आकार समजून घ्यायचा तर आधी मादीचं शरीर बघा, असं मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते.

समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा सागरी जीव) किंवा कालवांसारखे प्राणी शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. तिथे शुक्राणू छोटे आणि साधे असतात. पुस्तकातलं चित्र त्यांना बऱ्यापैकी लागू पडतं. फलन, म्हणजे शुक्राणू आणि बीजांडाचा संयोग, मादीच्या शरीरात होऊ लागलं की चित्र पालटतं. तीन हजारांहून जास्त प्रजातींची तुलना करणारा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. शरीरात फलन होणाऱ्या प्राण्यांचे शुक्राणू सरासरीने लांब असतात आणि त्यांची लांबी उत्क्रांतीत जास्त वेगाने बदलते, असं त्यात दिसलं.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ड्रॉसोफिला बायफर्का ही फळमाशी. माशी जेमतेम ३ मिलिमीटरची आणि तिच्या नराचा एकेक शुक्राणू तब्बल ५.८ सेंटिमीटर! माणसाचा शुक्राणू मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा असतो, यावरून अंदाज घ्या. एवढा लांब शुक्राणू नराच्या पोटात लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो. डोकं नाममात्र, बाकी सगळी शेपटीच. तो तयार करणं इतकं महागात पडतं की कोशातून बाहेर आल्यावर नर प्रजननक्षम व्हायला दोन आठवड्यांहून जास्त काळ लागतो, आणि शुक्राणूही मोजकेच तयार होतात.

हा खटाटोप कशासाठी? मादीच्या शरीरात शुक्राणू साठवणारी एक बारीक नळी असते. या प्रजातीत ती शुक्राणूपेक्षाही लांब, सुमारे ८ सेंटिमीटर असते. मादी एकाहून जास्त नरांशी समागम करते, त्यामुळे त्या नळीत जागेसाठी चुरस लागते. स्कॉट पिटनिक आणि गॅरी मिलर या जीवशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फळमाशीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुद्दाम निवड करत त्यांनी लांब नळीच्या आणि आखूड नळीच्या माद्यांचे वेगळे वंश तयार केले. लांब नळीच्या माद्यांमध्ये लांब शुक्राणूंची सरशी झाली, आखूड नळीत लांबीचा तसा फायदा दिसला नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण मादीची नळी बदलली की कुठला शुक्राणू जिंकणार तेही बदलतं, हे त्यात समोरासमोर दिसतं.

नरांच्या शुक्राणूंमध्ये मादीच्या शरीरात अशी स्पर्धा होते, हे जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्येच मांडलं होतं. डिअर माऊस या उत्तर अमेरिकी उंदराची मादी एकापाठोपाठ अनेक नरांशी जुगते. तिथे एकाच नराचे शुक्राणू एकमेकांना ओळखून झुंड करतात आणि ती झुंड एकट्या शुक्राणूपेक्षा वेगाने पोहते. त्याच्याच एका भाऊबंद प्रजातीत जोड्या एकनिष्ठ असतात. तिथले शुक्राणूही झुंड करतात, पण त्यात आपला-परका असा भेद करत नाहीत. स्पर्धाच नसेल तर दर्जा घसरतोही. नेकेड मोल रॅट या जमिनीखाली राहणाऱ्या, जवळजवळ केसविरहित कृंतक प्राण्याच्या वसाहतीत प्रजनन एकच राणी आणि एक-दोन नरच करतात. या प्राण्याचे बरेचसे शुक्राणू वेडेवाकडे असतात आणि पोहू शकणारे तर फार थोडे.

प्राणी जितका मोठा तितका शुक्राणू लांब, असा समज असेल तर तो मात्र सोडून द्या. उंदराचा शुक्राणू हत्तीच्या शुक्राणूपेक्षा दुपटीहून लांब असतो. हत्तिणीचा प्रजननमार्ग प्रचंड असल्याने तिथे शुक्राणू विखुरले जातात. म्हणून लांबीपेक्षा संख्या वाढवणं जास्त कामी येतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

आणि शेपटी? तीही सक्तीची नाही. सी. एलिगन्स या सूत्रकृमीचा, म्हणजे धाग्यासारख्या बारीक कृमीचा, शुक्राणू पोहत नाही. तो अमीबासारखा पेशीचा एक भाग पुढे काढून सरपटतो. या प्रजातीत नर असतात आणि उभयलिंगी कृमीही, जे स्वतःच्याच शुक्राणूंनी स्वतःची बीजांडं फलित करू शकतात. नराचे शुक्राणू आकाराने मोठे असतात. समागमानंतर ते उभयलिंगी कृमीच्या छोट्या शुक्राणूंना साठवणीच्या जागेतून हुसकावून लावतात, आणि पुढची बहुतेक पिल्लं त्या नराचीच होतात.