होई आनचं जुनं शहर आणि समुद्र एकाच सहलीत बघायचाय, मुक्काम कुठे करावा?

तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत पाच दिवस व्हिएतनामला जाताय आणि मुक्काम दा नांग या जवळच्या मोठ्या शहरात करावा की होई आनला, असं विचारलंय. मुक्कामाआधी तारखेचं सांगते. जमत असेल तर दिवाळी टाळाच. आपल्याकडे पाऊस सरतो तेव्हा मध्य व्हिएतनाममध्ये तो जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थू बोन नदी जुन्या शहराच्या गल्ल्यांत शिरते. आमची पहिली खेप अशीच गेली. नदीकाठच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, समुद्र खवळलेला, बेटाकडच्या बोटी बंद. दुसऱ्यांदा मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा कुठे होई आन मनासारखं पाहता आलं.

मुक्काम होई आनलाच करा. दा नांगचा विमानतळ जेमतेम 30 किलोमीटरवर आहे, टॅक्सीने पाऊण-एक तास. दा नांगला राहून संध्याकाळपुरतं आलात तर कंदील आणि गर्दी एवढंच हाती लागतं. हे शहर बघावं सकाळी सहाला. तेव्हा बाजारात भाजी उतरत असते, पिवळ्या भिंतींवर कोवळं ऊन पडलेलं असतं आणि जपानी पुलावर कोणी नसतं. सोळाव्या-सतराव्या शतकात इथे जपानी आणि चिनी व्यापाऱ्यांच्या वसाहती होत्या. पुढे नदीचं मुख गाळाने भरत गेलं, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली आणि होई आन मागे पडलं. म्हणूनच जुनी लाकडी घरं पाडून नवी बांधण्याची घाई इथे कोणाला झाली नाही. 1999 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलं ते हेच शहर.

समुद्रासाठी आन बांग निवडा. जुन्या शहरापासून पाचेक किलोमीटर, रस्ता सपाट, बाजूला भातशेती, वाटेत त्रा क्वे गावचे भाजीचे वाफे. आम्ही सायकलीनेच जायचो. कोकणात सूर्य समुद्रात बुडताना बघायची आपल्याला सवय, इथे तो समुद्रातून वर येतो. एक तरी पहाट त्यासाठी ठेवा. कुआ दाईच्या किनाऱ्यावरचं हॉटेल घेणार असाल तर मात्र अलीकडचे फोटो मागवा. तिथली वाळू समुद्राने बरीच खाल्ली आहे, काही ठिकाणी पुळणीऐवजी वाळूच्या पोत्यांचे बांध दिसतात.

एक सकाळ 'मी सन' या जुन्या मंदिरांच्या ठिकाणाला द्याच. होई आनपासून साधारण 40 किलोमीटर. इथे पूर्वी राज्य करणाऱ्या चाम राजांची विटांची शिवमंदिरं. चौथ्या शतकात राजा भद्रवर्म्याने इथे भद्रेश्वराची स्थापना केली, शिलालेख संस्कृतात आहेत. 1969 च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात फार नुकसान झालं. त्यातल्या काही मंदिरांची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्याने केली आणि त्याच कामात 2020 साली नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग मिळालं. इतक्या दूर, डोंगरांच्या कुशीत ती मंदिरं पाहून माझ्या सासूबाई गाभाऱ्यापाशी हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. ऊन चढायच्या आत पोहोचा, नऊनंतर बसगाड्या येऊ लागतात.

चाम बेटं (कू लाओ चाम) वेळ उरला तर. स्पीडबोटीने अर्धा तास, पाणी नितळ. प्लास्टिकच्या पिशव्या तिथे चालत नाहीत, कापडी न्या.

शाकाहारी असाल तर 'चाय' हा शब्द लक्षात ठेवा, तिथे त्याचा अर्थ शाकाहारी. साध्या भाजीतही माशांचं पाणी घालतात, म्हणून हे आधीच सांगायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथली पुष्कळ माणसं स्वतःच शाकाहार पाळतात, तेव्हा सोपं जातं. तारखा ठरवताना कॅलेंडरही बघा. त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या शहरातले विजेचे दिवे मंद करून कंदील लावतात, नदीत दिवे सोडतात.